नववं ठाणं

सोमवारी सकाळी पावणेसातला माझ्याच गाडीनं मला नापास केलं.

हौसा वन्सं मागच्या सीटवर मांडी घालून बसल्या होत्या. पायांवर सूज होती, म्हणून चपला हातात. मांडीवर पाण्याची बाटली, तीसुद्धा अर्धीच भरलेली, कारण डॉक्टरांनी पाणी मोजून दिलंय. आठ वाजता कराडच्या दवाखान्यात त्यांचं रक्त धुवायचं मशीन लागणार होतं. मी बटण दाबलं. गाडी घुमली नाही. आरशाखालच्या डबीवर तांबडा ठिपका आला आणि तिच्यातून साखरेच्या पाकात घोळलेला आवाज निघाला.

"नमस्कार, प्रमिलाताई. आपलं या आठवड्याचं किमान दायित्व एकशे बारा एकक आहे. आपलं विमाछत्र शंभर एककांचं आहे. वाहन सुरू करता येणार नाही. आपला दिवस आनंदात जावो."

"हिच्या आनंदाला आग लागो," वन्सं म्हणाल्या.

ही डबी दोन वर्षांपूर्वी कायद्यानं प्रत्येक गाडीत बसली. कागदोपत्री तिचं नाव दायित्वमापक. मी तिला सासूबाई म्हणते. दिवसभर हाताकडे बघत राहायचं, बोलायचं गोड आणि आठवड्याच्या शेवटी उणं काढायचं. वन्संना ते खटकतं. "माझ्या आईचं नाव त्या डबीला देतीस व्हय गं?" असं त्या दर खेपेला म्हणतात आणि दर खेपेला हसतात.

पूर्वी सगळ्यांना एकच नियम होता. गाडी रस्त्यावर आणायची तर किमान विमा हवाच, आणि तो आपल्यासाठी नव्हे, परक्यासाठी. आपल्या गाडीनं कुणाला इजा झाली तर त्याला भरपाई मिळावी, एवढ्यापुरता. वर्षातून एकदा कागद घ्यायचा, कप्प्यात टाकायचा आणि विसरून जायचं. मग हा शोध लागला. स्टिअरिंगवर कातडीसारखा पातळ पापुद्रा बसवतात, त्याला हाताची ऊब कळते. डबीतला डोळा आपली नजर मोजतो. कोट्यवधी फेऱ्यांचा अभ्यास केलेलं एक गणित त्यामागं आहे. या हातांकडून, या रस्त्यावर, येत्या आठवड्यात परक्या माणसाचं जास्तीत जास्त किती नुकसान होऊ शकेल, ते हे गणित सांगतं. येईल तो आकडा तुमचं किमान. तेवढं छत्र असेल तर गाडी सुरू होणार. आणि साठीपुढच्या बाईला शंभराच्या वरचं छत्र कुणीच विकत नाही.

माझं किमान कालपरवापर्यंत चाळीस होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलंय. एवढा उलटा निकाल मी कुठल्या ढ पोरालाही लावला नव्हता.

कंपनीचा नंबर लावला. तिथंही तोच पाक.

"आपली नोंद सांगते, प्रमिलाताई. मागच्या गुरुवारी नवीन गणित लागू झालं. पाटण ते कराड मार्गावर आपला उजवा हात प्रत्येक फेरीत नऊ वेळा स्टिअरिंगवरून सुटतो. सरासरी एक पूर्णांक चार सेकंद. ताशी पंचेचाळीसच्या वेगानं तेवढ्या वेळात गाडी साडेसतरा मीटर जाते."

"अहो, तो नमस्कार आहे."

"कृपया पुन्हा सांगा."

"नमस्कार! वाटेत देव आहेत. वेशीचा म्हसोबा, मग वाघजाई, ओढ्यावरचा मारुती, पीर, सटवाई... हात छातीला लावायचा आणि पुढं जायचं. सगळेच करतात. तुम्ही नाही का आत्ता मला नमस्कार केला?"

"मी वाहन चालवत नाही, प्रमिलाताई."

वन्संनी मागून मान पुढं काढली. "इचार तिला, तो तिसरा कोन म्हनून. कागदावर सारखं तिसरा तिसरा लिवलंय."

"पहिला पक्ष आपण," आवाज म्हणाला. "दुसरा पक्ष विमा कंपनी. आपल्या वाहनामुळे ज्याला इजा होईल तो तिसरा पक्ष. किमान विमा त्याच्यासाठी असतो."

"आन् मी कोन?"

"आपण प्रवासी. प्रवासी किमान विम्यात येत नाहीत."

"म्हंजे मी मेले तर चालंल?"

"त्यासाठी स्वतंत्र पर्याय उपलब्ध आहे."

वन्संनी बाटलीचं झाकण उघडलं, एक घोट घेतला, आणि मग आठवलं की तो घोट दुपारचा होता.

त्या सोमवारी आम्ही गेलोच नाही. एसटी अकराला येते. बिनड्रायव्हरच्या भाड्याच्या गाड्या नदीच्या पुलाशी येऊन परत फिरतात. आमचा रस्ता त्यांच्या नकाशाला झेपत नाही, गुरंढोरं मोजता मोजता त्या गोंधळतात. दवाखान्यानं बुधवारी सकाळी साडेनऊची वेळ दिली आणि बजावलं, यापुढं चुकवू नका. मंगळवारी सकाळी वन्संच्या पायावर बोट दाबलं तर खळगा पडला आणि बराच वेळ भरला नाही.

*

"सांस्कृतिक वर्तन सवलत" नावाचा एक फॉर्म असतो, हे मला मंगळवारी दुपारी कळलं. चौदा पानं. तिसऱ्या पानावर पहिल्याच पानावरची माहिती पुन्हा भरायची. सातव्या पानावर विचारलं होतं, "आपले वर्तन आनुवंशिक आहे काय?" मी लिहिलं, "होय, आईकडून." आई पहाटे जात्यावर बसली की म्हणायची,

*पहिला माझा हात, वेशीच्या म्हसोबाला*
*वाटंवरच्या परक्याला, सुखी ठेव देवराया*

आईनं आयुष्यात बैलगाडीशिवाय काही चालवलं नाही. तरी तिला तिसरा पक्ष ठाऊक होता. ओवीत स्वतःसाठी काही मागितलेलं नाही, बघा.

मी नऊही ठिकाणं भरली. अंतरं, खुणा, शेंदराचा रंग. फॉर्म पाठवून चहा ठेवेपर्यंत उत्तर आलं. आठ ठिकाणं मंजूर, उद्या सकाळी सर्वेक्षक येऊन परीक्षेची फेरी घेणार. नवव्यासमोर लिहिलं होतं, *या जागी नोंदलेले श्रद्धास्थान आढळले नाही. हेतू स्पष्ट करा.*

खाली एक रिकामी चौकट होती, दोनशे अक्षरांची.

चहा उतू गेला. वन्सं आतून ओरडल्या, "अगं, गॅस!" मी बंद केला नाही. त्यांनीच भिंतीला धरत येऊन बंद केला, पडद्यावरचा मजकूर वाचला आणि पाटावर बसल्या.

नववं ठिकाण म्हणजे कातळकड्याचं वळण. तिथं देव नाही. तिथं केरबा बसतो, पंक्चर काढतो.

बावीस वर्षांपूर्वी याच वळणावर आमच्या जीपनं त्याला उडवलं. हे चालवत होते, मी शेजारी होते. केरबा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. सायकलला दुधाच्या किटल्या बांधून तो चढ चढत होता. दूध उतारावरून वाहत आमच्या चाकापर्यंत आलं, ते मला अजून दिसतं. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. आणि आमचा विमा, तोच तो परक्यासाठीचा किमान, संपून नऊ दिवस झाले होते. ह्यांनी टाळला होता. "आपल्याला काय मिळणारे त्यातनं?" असं म्हणाले होते. मीही हसले होते.

पुढं कोर्टानं सांगितलं ते ह्यांनी सगळं दिलं. पण त्या वळणावर गाडी कधी थांबवली नाही. दुसऱ्या वर्षी केरबानं तिथंच टपरी टाकली. ह्यांचा हात तेव्हापासून त्याला बघून छातीकडं जायला लागला, देवाला जायचा तसाच. केरबा मान हलवायचा. हे गेले. स्टिअरिंग माझ्याकडं आलं आणि त्याच्याबरोबर तो हातही आला.

आता हे दोनशे अक्षरांत कसं लिहायचं?

"सोडून दे की नववं," वन्सं म्हणाल्या. "उद्या त्यो परीक्षेचा मानूस येनार न्हवं? आठ देवांना हात कर, कड्यापाशी गप ऱ्हा. दीड सेकंदाचा तर खेळ."

"सोपं वाटतं तुम्हाला."

"मला काय सोपं हाय गं? माझ्या भावाच्या हातनं झालं त्ये." त्यांनी सुजलेला पाय हातानं उचलून पुढं ठेवला. मग म्हणाल्या, "न्हायतर दगड ठेवू तिथं. शेंदूर फासला की देव झाला. सटवाईचं तरी काय झालं हुतं? माझ्या डोळ्यादेखत झाली सटवाई. धरणाच्या रस्त्यावर बाळंतीण ट्रकखाली गेली, दुसऱ्या महिन्यात दगड उभा."

मी मग नकाशा उघडला. म्हसोबा: अरुंद मोरी. वाघजाई: आंधळं वळण. मारुती: ओढ्याची घसरण. पीर: चढ संपता संपता अचानक येणारा फाटा. एकूण एक ठाणं जिवावर बेतणाऱ्या जागी. आमच्या आयाबायांनी या डबीच्या कितीतरी आधी शेंदराच्या बोटांनी हाच धोक्याचा नकाशा काढून ठेवला होता. आणि हात करायचा म्हटलं की माणूस आधी वेग उतरवतोच! मी डबीची नोंद उघडून बघितली. नऊही जागी माझा वेग अठरा, वीस. साडेसतरा मीटर कुठले? जेमतेम सात.

ताबडतोब फोन लावला. सगळं समजावून सांगितलं, वर्गात सांगायचे तसं.

"आपलं निरीक्षण मोलाचं आहे," आवाज म्हणाला. "गणित हमरस्त्यांवरच्या फेऱ्यांवर शिकवलेलं आहे. तिथे हात सुटल्यावर वेग कमी झाल्याचं आढळलेलं नाही. पुढील सुधारणा अठरा महिन्यांनी."

"अठरा महिन्यांत माझी नणंद मरेल."

"प्रवासी किमान विम्यात..."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

*

बुधवारी सकाळी सव्वासातला फर्जाना मुलाणी आल्या. चाळिशीच्या, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, चेहऱ्यावर अख्ख्या तालुक्याचा वैताग. विमा खात्याच्या सर्वेक्षक. परीक्षेच्या फेरीपुरती गाडी सुरू करायचा अधिकार त्यांच्या अंगठ्यात होता.

"मॅडम, सरळ सांगते," त्या बसता बसता म्हणाल्या. "या आठवड्यातली तुम्ही तेविसावी. एक जण गाय दिसली की हात जोडतो. एका बाईचं मंगळसूत्र स्टिअरिंगमध्ये अडकतं, तर डबी म्हणते, चालक भावनिक आहे. मला काही विचारू नका. आठ ठिकाणी हात सुटला तर चालेल. इतर कुठंही, चालत्या गाडीत, एकदा जरी सुटला तरी परवाना सहा महिने बंद. माझ्या हातात काही नाही, डबीच ठरवणार."

"आणि ह्यांचा दवाखाना?"

त्यांनी मागं वळून वन्संच्या पायांकडं बघितलं. बेल्ट लावला.

वन्संच्या मांडीवर आज बाटलीशेजारी एक फुगलेली कापडी पिशवी होती. "काय आहे त्यात?" मी विचारलं. "दवाखान्यात लागतं त्ये," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

म्हसोबाला हात गेला. डबी हिरवी. वाघजाई, हिरवी. ओढ्यावर पाणी होतं, मारुती ओला दिसत होता. पिराच्या फाट्यावर माझा हात उठला तेव्हा शेजारी फर्जानाबाईंचाही कपाळाकडं गेला. माझ्या लक्षात आलं हे त्यांच्या लक्षात आलं.

"मी गाडी चालवत नाहीये," त्या डबीच्याच आवाजात म्हणाल्या. पहिल्यांदा तिघी हसलो.

आठवं ठाणं सटवाईचं. त्यानंतर कड्यापर्यंत दोन किलोमीटर.

ते दोन किलोमीटर मी उभ्या जन्मात कधी चालवले नव्हते असे चालवले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पांढरी पडलेली. मनाशी म्हणत होते, तो माणूस आहे, देव नाही, एक दिवस हात नाही केला तर त्याला कळणारसुद्धा नाही. लगेच वाटलं, कळेल. बावीस वर्षांत हा एक हात तेवढा आपण त्याला दिलाय. तोही आज एका डबीच्या भीतीनं मागं घ्यायचा? मागं वन्संचा श्वास ऐकू येत होता, फुप्फुसात पाणी साचल्यावर येतो तसा, ओला. हात केला तर त्या जातील. नाही केला तर काय जाईल, ते कुठल्याच डबीला मोजता येणार नव्हतं.

वळण आलं. निळं प्लास्टिक, टांगलेली टायरं, पाण्याची परात. केरबा लाकडी खोक्यावर बसलेला. आमची गाडी त्यानं दुरूनच ओळखली आणि मान वर केली, रोजच्यासारखी.

माझा उजवा हात सुटायला लागला. मला तो उठू देता येईना, दाबूनही धरता येईना. माझ्या हाती तेवढं एकच उरलं होतं. मी ब्रेक दाबला.

गाडी टपरीच्या पुढ्यात, उतारावर, कचकन उभी राहिली.

"काय झालं?" फर्जानाबाई ओरडल्या.

"थांबलीस त्ये लई झाक केलंस!" मागचं दार उघडत वन्सं म्हणाल्या. सुजलेल्या पायांनी त्या खाली उतरल्यासुद्धा. पिशवीतून त्यांनी नारळाएवढा गोल दगड काढला, शेंदरानं माखलेला, अजून ओला. "ओ मॅडम, काढा फोटू. हितं ठाणं हाय. नोंद करा. केरबा, जरा सरक बाबा, देव मांडायचाय."

"वन्सं!"

"गप गं तू. कुनाचं ठाणं म्हनून लिवायचं ते लिवा. कडोबा लिवा."

फर्जानाबाईंनी कपाळ धरलं. केरबानं कुबडी घेतली आणि उठून आला. जवळून तो मला ओळखू येईना. माझ्या मनात तो एकोणिसाचाच होता. याच्या कानशिलावर पांढरे केस होते.

"ह्ये कशापायी करताय, आक्का?"

वन्संनी माझ्याकडं बघितलं. मग मीच खाली उतरले. सगळं सांगितलं. डबी, नऊ हात, आठ देव, रिकामी चौकट. बोलता बोलता इतका वैताग आला की रडू फुटलं. बावीस वर्षांनी या माणसाशी पहिल्यांदा बोलत होते, आणि बोलत काय होते, तर विम्याच्या फॉर्मबद्दल!

केरबानं पुरतं ऐकून घेतलं. मग दगडाकडं बघितलं.

"बाई, मी जित्ता हाय," तो म्हणाला. "माझा देव नका करू."

खाली नदीवर टिटवी ओरडत होती.

"तुमचे मास्तर बी हात करून जायचे. तुमी बी करता. मी म्हनायचो, आज थांबतील, उद्या थांबतील. देवापुढनं मानूस हात करून जातं, त्येचं ठीक. त्येला बोलाय येत न्हाई." तो हसला, पण ओठांनीच. "मला येतंय की. एकांद्या टायमाला थांबून इचारायचं, कसं काय केरबा म्हनून. येवढंच ऱ्हायलं हुतं तुमच्याकडनं."

कायदा किमान मागतो. आम्ही बावीस वर्षं तेवढंच फेडत आलो होतो, एक पूर्णांक चार सेकंद.

"कसं काय, केरबा?" मी विचारलं.

"बरं हाय. पोरगी बारावीला हाय. च्या घेता?"

तेवढ्यात गाडी हलली. उतार होता आणि घाईत मी हँडब्रेक अर्धाच ओढला होता. बोटभर सरकली, हातभर सरकली, आत फर्जानाबाई किंचाळल्या. केरबानं कुबडीवर झुकत वन्संच्या हातातला दगड काढून घेतला आणि मागच्या चाकाखाली सारला. गाडी टेकली.

"अरं, शेंदूर लावलाय त्येला!" वन्सं कळवळल्या.

"म्हनूनच धरलंय न्हवं गच्च," केरबा म्हणाला.

मी दारातून वाकून हँडब्रेक पुरता ओढला. फर्जानाबाई डबीवर बोट फिरवत होत्या. "अर्धवट हँडब्रेक, तीन एकक वाढ," त्यांनी वाचलं. मग त्यांच्या भुवया वर गेल्या. "कड्याजवळ वाहन पूर्ण थांबलं. चालत्या गाडीत हात सुटल्याची नोंद शून्य. नवीन किमान, त्रेचाळीस." बोटानं पडदा पुन्हा पुसून बघितला. "थांबलेल्या गाडीत तुम्ही दोन्ही हात सोडले तरी हिला काही देणंघेणं नाही. मॅडम, एवढं साधं होतं."

"साधं नव्हतं हो," मी म्हणाले.

चहाला वेळ नव्हता, तरी केरबानं पाजलाच. वन्संनी दोन घोट घेतले, आजच्या दिवसाचे मोजलेले. साडेनऊला दहा कमी असताना आम्ही दवाखान्याच्या दारात होतो.

आता आमच्या आठवड्याला दोन फेऱ्या होतात, सोमवारी आणि गुरुवारी. आठ ठाण्यांना हात जातो आणि कड्यापाशी गाडी उभी राहते. केरबा चाकाखाली तोच दगड लावतो. शेंदूर जाऊन तो आता काळा पडलाय, पण वन्सं उतरल्या की आधी त्यालाच हात लावतात, आणि मग त्या केरबाला विचारतात, पोरीचा अभ्यास कुठवर आला म्हणून. मागच्या सोमवारी निघताना सासूबाई पाकातल्या आवाजात म्हणाल्या, "प्रमिलाताई, आपण या ठिकाणी वारंवार विनाकारण थांबता. कृपया हेतू स्पष्ट करा."

खाली तीच दोनशे अक्षरांची चौकट होती. मी केरबाचं नाव लिहिलं आणि चहा प्यायला उतरले.